आधी कोण निघालं

विभागात त्याला सगळे 'आशावादी' म्हणत आणि म्हणताना गालातल्या गालात हसत, कारण त्याच्याइतक्या पडेल चेहऱ्याचा माणूस त्या सबंध इमारतीत शोधून सापडला नसता. बारा महिने अंगात एकच राखाडी कोट, खांदे पुढे झुकलेले, नजर जमिनीवर. लिफ्टमध्ये कोणी सहज "काय, कसं काय?" असं विचारलं तर हा गृहस्थ त्यावर खरोखर विचार करायचा, आणि उत्तर तयार होईपर्यंत विचारणारा आपल्या मजल्यावर उतरून गेलेला असायचा.

हे नाव त्याला स्वभावावरून पडलेलं नव्हतं, विषयावरून पडलं होतं. डेटाबेस म्हणजे माहितीचं मोठं कोठार. त्यात एकाच वेळी हजारो जण हात घालत असतात, कोणी नुसतं वाचतं, कोणी बदल करतं. या हातांनी एकमेकांचा घोळ करू नये आणि कोठारातला हिशेब शाबूत राहावा, एवढंच बघणारं एक शास्त्र आहे, आणि त्यात आशावादीची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. त्या शास्त्रात दोन पंथ. समजा नाटकाची शेवटची एकच खुर्ची उरली आहे आणि ती दोघांना हवी आहे. पहिला पंथ म्हणतो, जो आधी आला त्याने खुर्चीला कुलूप लावावं आणि दुसऱ्याने गप्प रांगेत उभं राहावं. याला म्हणतात निराशावादी पद्धत, कारण भांडण होणारच असं ती धरून चालते. दुसरा पंथ म्हणतो, कशाला रांगा लावता, सगळ्यांना जाऊ द्या पुढे, भांडणं काही रोज होत नाहीत. अगदी शेवटी, तिकीट हातात देताना तेवढं तपासा, आणि टक्कर झालीच असेल तर एकाला परत पहिल्यापासून सुरुवात करायला लावा. ही आशावादी पद्धत. कोणी चेष्टेने ठेवलेली ही नावं नाहीत, पुस्तकांतूनही हीच असतात.

शेजारच्या खोलीत कुलूपवाल्या पंथाचे प्राध्यापक बसत, त्यामुळे ते ओघानेच 'निराशावादी' झाले. हा गोल, लालबुंद, दिवसभर स्वतःच्याच विनोदांना हसणारा माणूस. भिंतीपलीकडून त्यांचं हसणं ऐकू आलं की आशावादी उठून आपलं दार लावून घ्यायचा. नव्या विद्यार्थ्यांचा दर वर्षी घोटाळा व्हायचा. रडका तो निराशावादी असणार असं समजून ते चुकीच्या खोलीत शिरायचे, आणि निराशावादी त्यांना चहा पाजून मगच योग्य दार दाखवायचे.

आशावादीला जे काही नाव मिळालं ते एका शोधनिबंधामुळे. शेवटची ती तपासणी फार वेळ खाते, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्याने दाखवून दिलं की बहुतेक वेळा ती गाळली तरी चालतं. दोघांनी एकाच खुर्चीला हात लावला असेल तर तपासा. दोघांच्या खुर्च्या वेगळ्या असतील तर सरळ जाऊ द्या. वेग दुप्पट झाला. लोकांनी माना डोलावल्या, बाहेरून आमंत्रणं आली, एका मोठ्या सभागृहात त्याला बोलावून टाळ्याही वाजवल्या. फक्त निराशावादींनी विभागाच्या बैठकीत हात वर केला आणि विचारलं, "दोन पहारेकरी असले तर काय करशील?"

प्रश्न असा होता. फाटकावर दोन पहारेकरी आहेत, आणि निदान एकाने तरी जागेवर असलंच पाहिजे असा नियम आहे. पहिला बघतो, दुसरा उभा आहे. म्हणून तो जरा पाय मोकळे करायला जातो. त्याच क्षणी दुसराही बघतो, पहिला उभा आहे. म्हणून तोही जातो. कोणी कोणाच्या जागेला हात लावलेला नाही. ज्याने त्याने आपापलीच जागा सोडली आहे, आणि सोडण्याआधी नियमाप्रमाणे बघूनही घेतलं आहे. तरी फाटक उघडं. आशावादीने मान्य केलं की असं होऊ शकतं. मग आकडे काढले, आणि निबंधाच्या शेवटच्या भागात एक वाक्य घातलं, की अशा प्रसंगांचं प्रमाण नगण्य आहे. 'नगण्य' हा शब्द त्याने बराच विचार करून निवडला होता. 'दुर्मिळ' म्हटलं असतं तर त्यात कौतुकाचा वास आला असता.

घरी तो, त्याची थोरली बहीण आणि वडील अशी तीन माणसं होती. ताई नवरा गेल्यावर परत आली होती; मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात संसार करत होती. आशावादीने लग्न केलं नव्हतं. कोणी कारण विचारलं की तो त्यावरही विचार करायचा. बाबा जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले, आणि जन्मात कधी हौसेने लिफ्टमध्ये बसले नाहीत. लिफ्टच्या आत काय काय असतं ते मला माहीत आहे, असं ते म्हणायचे आणि जिन्याने वर यायचे. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, तरीही. पुढे गुडघे गेले, मग आठवण जायला लागली, पण जिन्याचा हट्ट काही सुटला नाही. दुपारीच उठून जोडे घालायचे आणि कामाला जायचं म्हणून दाराशी यायचे. कुठलं काम, असं विचारलं तर अडकलेली माणसं आहेत म्हणायचे.

तेव्हा ताईने घरात एक नियम घालून दिला. दोघांपैकी एकाने घरात असायचंच. बाहेर पडणाऱ्याने 'निघतो' किंवा 'निघते' म्हणायचं, आणि समोरच्याने 'हं' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आता 'हं' म्हणजे आपल्याकडे काहीही असतं. ऐकतोय, कळलं, पुढे बोल, मान्य नाही पण जाऊ दे, झोप येते आहे. सगळं त्या एका हुंकारात मावतं. त्या घरात मात्र त्याचा एकच अर्थ होता: मी आहे, तू जा.

पहिले बरेच दिवस हे नीट चाललं. मग आशावादीला त्याचा जाच व्हायला लागला. ताई अंघोळीला गेलेली असायची, किंवा मुलीशी फोनवर बोलत असायची, आणि हा बॅग खांद्याला लावून दारात ताटकळत, 'हं'ची वाट बघत. ताईचंही तेच व्हायचं. तो गणितात बुडालेला असला की तिने चार हाका मारल्या तरी आतून उत्तर यायचं नाही. एके दिवशी जेवताना त्याने विषय काढला. दर वेळी थांबायचं कशाला, तो म्हणाला, ही तर चक्क शेजारच्या खोलीतली पद्धत झाली. तू असतेसच, मी असतोच. समोरचा घरात आहे एवढं बघायचं आणि निघायचं. ताई म्हणाली, बघ बाबा, तुझा विषय आहे. तिला ते आवडलंच होतं. दिवसभर कोणाला तरी हुंकार देत बसायचा तिलाही कंटाळा आला होता. बाबा मान खाली घालून जेवत होते. त्या दिवसापासून घरातला 'हं' बंद झाला.

आणि बरेच महिने काहीच बिघडलं नाही. हे सांगायलाच हवं, कारण नंतर जो तो असं बोलायला लागला, जणू पहिल्याच दिवशी छप्पर कोसळलं.

ज्या दिवशी कोसळलं, त्या सकाळी त्याच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या मुलीचा फोन आला. तिच्या प्रबंधातलं एक कोष्टक चुकत होतं आणि प्रबंध त्याच दिवशी द्यायचा होता. अर्ध्या तासाचं काम. ताईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आतून रेडिओ ऐकू येत होता, म्हणजे ती घरात होती. असं त्याला आठवत होतं. तो निघाला. ताई बाबांच्या औषधासाठी म्हणून मागच्या दाराने बाहेर पडली. दोघांनाही अर्ध्या तासापेक्षा बराच जास्त वेळ लागला.

बाबांनी जोडे घातले, दार उघडलं आणि जिना उतरायला घेतला. कुठल्या तरी वळणावर ते पडले. त्या इमारतीत जिना कोणी वापरत नाही. सगळे लिफ्टने वर जातात, लिफ्टने खाली येतात, आणि भिंतीपलीकडून लिफ्टचा घरघराट तेवढा जिन्यात ऐकू येत राहतो. जिना पुसणारी बाई दुपारी आली, तेव्हा तिला ते दिसले. शुद्धीवर होते. तिला म्हणाले, लिफ्ट थांबव, आत माणूस आहे.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर भाऊ-बहीण समोरासमोर आले, आणि दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, "तू घरी नव्हतास?" "तू घरी नव्हतीस?" त्यानंतर त्या विषयावर दोघं एक अक्षर बोलले नाहीत. बाबा दोन-तीन दिवस होते, मग गेले.

लोक म्हणाले, आशावादीने फार धीराने घेतलं. धीर कसला आला आहे. त्याला काही वाटतच नव्हतं. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, आपलाच पाय चिमटून बघावा तर दुसऱ्या कोणाचा तरी चिमटतो आहोत असं वाटतं, तसं त्याचं सगळं झालं होतं. शेवटचा निरोप द्यायला निराशावादी आले आणि लहान मुलासारखे रडले. आशावादीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मनात आलं, यांच्या शर्टाची शिवण उसवली आहे. आठवड्याभराने तो कामावर गेला. जेवण समोर आलं की जेवायचा, संपलं की ताट उचलायचा. भाजीत मीठ नव्हतं हे ताईने सांगितल्यावर त्याला कळायचं. एकदा बाबांचे जोडे पायात घालून विभागात गेला, आणि अंगठा दुखायला लागेपर्यंत ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. दुखलं तेव्हा त्याने जोडे काढून टेबलाखाली ठेवले आणि दिवसभर मोज्यांवर वावरला. कोणी काही म्हणालं नाही. दुःखी माणसाला अशी बरीच मोकळीक मिळते, आणि ज्याला दुःखही होत नाही त्याला ती फुकट मिळते.

ताईचं तसं नव्हतं. ती घर पुसायची. पुसलेलं पुन्हा पुसायची. बोलायची, पण कामापुरतं, आणि बोलताना त्याच्याकडे न बघता त्याच्या खांद्यामागच्या भिंतीकडे बघायची. एके दिवशी तिने सांगितलं की ती मुलीकडे जाते आहे, राहायला. किती दिवस, असं त्याने विचारलं. तिने भिंतीला सांगितलं की आता तिकडेच.

त्याने 'बरं' म्हटलं आणि आपल्या खोलीत गेला. ती आपल्यावर ठपका ठेवून जाते आहे, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. भूमितीतली आकृती दिसावी तसं. नियम त्याने बदलला होता. एवढं कळूनही काही दुखलं मात्र नाही. फक्त एक गोष्ट पक्की झाली: ती अशी गेली तर परत येणार नाही, फोनवर हवापाण्याचं बोलेल आणि आपल्याला या जगात विचारणारं कोणी उरणार नाही. शनिवारची गाडी होती. त्याआधी तिच्याशी बोलायला हवं होतं, आणि काय बोलावं हे काही सुचत नव्हतं.

सुचलं ते वर्गात. दर वर्षी त्या सुमाराला पहारेकऱ्यांचा तास यायचा. निराशावादींचा तो प्रश्न त्याने केव्हाच आपल्या शिकवण्यात घेतला होता, आणि त्या रटाळ विषयात पोरांना हसू यावं अशी तेवढी एकच जागा होती. त्याने फळ्यावर दोन माणसं काढली. त्याला चित्रं काढता येत नसत, त्यामुळे पहारेकरी दर वर्षी छत्र्यांसारखे दिसत. पहिला बघतो, दुसरा आहे. दुसरा बघतो, पहिला आहे. त्याने दोघांनाही पुसून टाकलं आणि उघडं फाटक तेवढं फळ्यावर ठेवलं. मुलं हसली. तो नेहमीप्रमाणे हसू ओसरायची वाट बघत उभा राहिला. फळ्याकडे बघितलं आणि आत काही हलतं का, याचा अंदाज घेतला. काही हललं नाही.

मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "पण सर, चूक नक्की कोणाची?"

हा प्रश्नही दर वर्षी यायचा आणि त्याचं उत्तर ठरलेलं होतं. चूक ठरवायची तर क्रम हवा. आधी पहिला गेला असं धरा. मग दुसऱ्याला रिकामी जागा दिसली असती आणि तो थांबला असता. आधी दुसरा गेला असं धरा, तर पहिला थांबला असता. कुठलाही क्रम लावून बघा, फाटक उघडं राहत नाही. ते राहिलं, याचाच अर्थ असा की त्या दोघांत आधी-नंतर असं काही नव्हतंच. दोघंही एकच जुनं चित्र बघून निघाले. म्हणून चूक कोणाचीच नाही, दोघांना एकाच वेळी जाऊ देणाऱ्या पद्धतीची आहे.

बोलता बोलता त्याचा आवाज जरा चढला. हे उत्तर इतकी वर्षं तो देत आला होता, पण ते औषधासारखं खिशात घालून घरी नेता येईल हे त्याला कधी सुचलं नव्हतं. तास संपल्यावर तो निराशावादींच्या खोलीत गेला. सहसा जायचा नाही. त्याने त्यांना विचारलं, पहारेकरी निर्दोष आहेत ना. निराशावादी हसायचे थांबले. ते म्हणाले, "कागदावर आहेत. पण दोघंही खरोखर बघून निघाले, हे तू धरून चालला आहेस. मी तर माझ्या कुलपांवरही इतका विश्वास ठेवत नाही." आशावादीला यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकू आलं.

शुक्रवारी संध्याकाळी ताई सामान बांधत होती. पलंगावर कपड्यांचे ढीग, जमिनीवर दोन खोकी, एकावर मोठ्या अक्षरात 'काच' लिहिलेलं. तो दारात उभा राहिला आणि बसू का म्हणून विचारलं. तिने टॉवेल उचलून खुर्ची मोकळी करून दिली.

मग त्याने तिला सगळं समजावून सांगितलं. सांगितलं कसलं, तास घेतला. पहारेकरी आले, फाटक आलं, एक जुनं चित्र आणि त्यावर भरवसा ठेवून निघालेली दोघं आली. मी तुझं दार बघितलं, रेडिओ ऐकला. तूही माझ्या खोलीतला दिवा बघितला असशील, म्हणाला. दोघांनी नियम पाळला. म्हणून यात दोषी कोणी नाही, असलाच तर नियम आहे, आणि तो नियम मी बदलला. तेव्हा तू रागावून जाणार असशील तर ते बरोबर आहे, पण तू स्वतःला काही लावून घेऊ नकोस. हे शेवटचं वाक्य त्याने घरी येताना पाठ केलं होतं आणि ते त्याला न अडखळता म्हणता आलं.

ताई ऐकताना एक चादर घडी करत होती. घडी झाली की उलगडायची आणि परत करायची.

"आधी कोण निघालं?" तिने विचारलं.

तेच तर सांगतोय, तो म्हणाला, यात आधी-नंतर नसतं.

"तुझ्या शास्त्रात नसेल. त्या सकाळी आधी कोण निघालं?"

त्याने तिच्या हातांकडे बघितलं. बोटं सुजली होती, फरशी पुसून पुसून. जो आधी गेला तो सुटला, आणि जो मागून गेला त्याने बाबांना एकटं टाकलं, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ होता; त्याला शास्त्र लागत नाही. तो जन्मात खोटं बोलला नव्हता असं नाही, पण खोटं बोलायलाही त्याला वेळ लागायचा. या वेळी लागला नाही.

"तू," तो म्हणाला. "तू आधी गेलीस, ताई. मागचं दार लागल्याचं मी ऐकलं. मी शेवटी गेलो."

ताईने चादर खाली ठेवली आणि 'काच' लिहिलेल्या खोक्यावर बसली. आतमध्ये काहीतरी कुरकुरलं. तिने कितीतरी दिवसांनी सरळ त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"मी तुला जाताना बघितलं," ती म्हणाली. "स्वयंपाकघराच्या खिडकीतून. फाटकातून बाहेर पडलास, तो राखाडी कोट, बॅग. बसस्टॉपकडे वळलास तोवर बघत होते. घरात मी एकटीच आहे हे मला माहीत होतं." ती थांबली. "तरी गेले. औषध आदल्या दिवशीच आणलेलं होतं. मी कोपऱ्यावरच्या दुकानात चहा पीत बसले होते. बाबा झोपलेत, म्हटलं. अर्धा तास कोणी काही विचारणार नाही अशा ठिकाणी बसावं, म्हटलं. एक संपला, मग दुसरा मागवला."

पलंगावरच्या ढिगातून घसरलेला टॉवेल त्याने उचलून वर ठेवला.

"मला वाटत होतं तुला कळेल. हिशेब करणारा माणूस तू, कधीतरी वेळा जुळवून बघशील. तू काही बघितलंच नाहीस. रोज समोर बसून जेवायचास. मला नाही रे बसवत इथे आता."

त्याला राग आला. इतक्या महिन्यांत त्याला जे काही आलं त्यात हे पहिलं होतं, आणि ते इतकं अनोळखी होतं की क्षणभर आपल्याला ताप भरला आहे असं त्याला वाटलं. माहीत असून गेली. त्याचे पहारेकरी, त्याचं चित्र, त्याचं कोणाचीच चूक नसलेलं फाटक, सगळं तिने एका खोक्यावर बसून मोडीत काढलं होतं. ही बघून गेली, आणि मी बिचारा बघून, खात्री करून, दार लोटलेलं, रेडिओ चालू, असं सगळं तिच्या तोंडावर फेकायला त्याने तोंड उघडलं. आणि ते दार डोळ्यांपुढे आणायला गेला तर ते येईना.

दार आलं, पण ते कुठल्याही दिवशीचं होतं. रेडिओवर काय लागलं होतं ते काही आठवेना. आठवत होतं ते कोष्टक, त्यातली तिसरी ओळ, आणि ती कुठे चुकली असेल याचा विचार. जोड्यांची नाडी बांधतानाही तोच विचार होता. जिन्याजवळून लिफ्टकडे जातानाही तोच होता.

"ताई," तो म्हणाला, "मी काही ऐकलं नाही. मागचं दारही नाही आणि रेडिओही नाही. मी तुझ्या खोलीकडे बघितलंच नव्हतं."

ती खोक्यावर जराशी पुढे सरकली.

"तू घरात आहेस की नाही, हा प्रश्नच मला पडला नाही. निघालो तेव्हा..." त्याला ते वाक्य पूर्ण करायला फार वेळ लागला, आणि या वेळी विचारणारी कुठे उतरून गेली नाही. "बाबा घरात आहेत, हेच माझ्या डोक्यात नव्हतं. आपल्याला बाबा आहेत हेच नव्हतं. मी नुसता दार ओढून घेऊन निघालो."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, आता ती उठेल आणि जाईल. ती उठली. चादर बाजूला सारून तिने पलंगावर जागा केली, त्याला दंडाला धरून खुर्चीतून उठवलं आणि तिथे आपल्या शेजारी बसवलं. तू कसं विसरलास, असं तिने विचारलं नाही. तू कशी गेलीस, असं त्यानेही विचारलं नाही. तिची गाडी उद्याची होती आणि ती उद्याचीच राहिली.

बधिर पायात रक्त उतरावं तसं त्याचं एकेक जागं व्हायला लागलं, आणि ते सहन होण्यासारखं नव्हतं. बाबा गेले हे त्याला तेव्हा कळलं. त्याने ताईचा हात धरला आणि तिला सांगितलं, बाबा गेले, जणू ती बातमी तिला अजून पोचलेलीच नव्हती.